भांगाचं पाणी

मुरारी वरळीकर म्हणतो, आज अष्टमी,
भांगाचं पाणी, फार ओढणार नाही.
मी अंगठी काढून त्याच्या तंबाखूच्या डबीत ठेवते.
पोवळं आहे, सव्वापाच रतीचं,
पत्रिकेतल्या मंगळासाठी आईने गिरगावातून आणलेलं.
मंगळ गेला, नवराही गेला,
बोट जाड झालं. साबणाशिवाय निघत नाही.

पाठीवर टाकी, तोंडात रबर,
आणि मी होडीच्या काठावरून उलटी पडते
वरळीच्या समुद्रात.

कॅलेंडरवरचं काही नाही इथे.
पाणी म्हणजे कालचा चहा.
हात पुढे केला तर मनगटाशीच संपतो.
डाव्या मुठीत दोर. एक झटका: ठीक. दोन: थांब.
तीन म्हणजे, मुरारी, वर घे रे.

चार मीटर. पाच. गुडघा कातळाला लागतो.

हा कातळ एके काळी वाहत होता,
काहिलीतल्या गुळासारखा रटरटत
पाण्यात शिरला आणि जागीच फुगून बसला, गोळ्यागोळ्यांनी.
भूगर्भवाले त्यांना उशा म्हणतात.
साडेसहा कोटी वर्षं झाली म्हणे.
मी एका उशीवर हात ठेवते. गार.
डोक्याचा खळगा पडलेला नाही.

किनाऱ्यावर यंत्र खांब ठोकतंय.
वर ते कानांना ऐकू येतं,
इथे दाढांना.

पाटी, पेन्सिल, रकाने.
क्रमांक. आकार. जिवंत की मृत. पृष्ठभाग.
शुक्रवारपर्यंत ठेकेदाराला आकडा हवा.
मग एकेक पोवळं छिन्नीने सुटं करून
पलीकडच्या खडकावर चिकटवणार,
ट्रान्झिट कॅम्प. किती दिवसांसाठी, ते कागदावर नाही.

विजेरी कातळाला टेकवली की ताटाएवढा उजेड पडतो.
त्यात वाढलेलं तेवढंच जग:
कालवांच्या धारा, हातमोजा फाडणाऱ्या.
झालरवाली एक गोगलगाय, शंख घरी विसरून आलेली.
आणि पोवळं.
लाल नाही हं. करपल्या भाकरीच्या रंगाचं,
पोळ्यासारखी घरं, घराघरात एक तोंड.
माझ्या बोटाची सावली पडली
आणि सगळ्या गल्लीने दारं लावली.

अकराव्याशी खडकाची कडा हलली
आणि पेन्सिल गेली.
ऑक्टोपस. डोळा आडवा,
अर्ज परत करणाऱ्या कारकुनासारखा.
मी ओढते, तो ओढतो. मग सोडून देतो.
चव घेतली असणार. लाकूड, शिसं, मी.

सतरापर्यंत मोजलं.
पुढे, दोन उशांच्या बेचक्यात, काहीतरी गुळगुळीत.
विजेरी टेकवली. कमोड.
कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीतला,
भरावाबरोबर आलेला, अर्धा.
त्याच्या काठावर रुपयाएवढं एक पोवळं
सगळे हात बाहेर काढून
जेवत होतं.

सूचना क्रमांक चार:
नैसर्गिक पृष्ठभागावरील नमुनेच मोजावेत.
बाकीचे जिथल्या तिथे राहतील.
जिथल्या तिथे म्हणजे भरावाखाली.

काटा पन्नासवर आला होता.
दोराला दोन झटके, वरून. मुरारीला काळजी.
मी एक झटका दिला. ठीक.
आणि पाटीवर लिहिलं:
अठरा. जिवंत.
पृष्ठभाग, कातळ.
ओल्या पाटीवर खोटंही त्याच अक्षरात उमटतं.

वर ऊन होतं. मी तोंडातलं रबर काढून
आधी थुंकले, मग हसले.
मुरारीने विचारलं, किती?
अठरा.
त्याने डबी उघडली, अंगठी चिमटीत धरून
उजेडात बराच वेळ फिरवली.
म्हणाला, हे कुठल्या खडकावरचं गं?

आईने विचारलं नव्हतं. सोनाराने सांगितलं नव्हतं.
मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

त्याने ती परत ठेवली.
मी काही हात पुढे केला नाही.
किनाऱ्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं,
आणि प्रत्येक ठोक्याला
डबीत, तंबाखूच्या चुऱ्यात,
ती किंचित उडत राहिली.